भोपळ्याचं कार्टून होतं, मग पोळ्याचं का नाही?

दिवाळीच्या सुट्टीत माझी नागपूरची भाची आमच्याकडे पुण्याला आली होती. वय फक्त नऊ, पण प्रश्न असे की मोठ्या माणसांनी हळूच दुसऱ्या खोलीत सटकावं. स्वयंपाकघरात आजी शंकरपाळ्यांसाठी मैदा चाळत होती आणि ही टीव्हीसमोर मांडी ठोकून बसली होती. पडद्यावर एक भलामोठा केशरी भोपळा. त्याला डोळे कोरलेले, करवतीसारखे दात कोरलेले, पोटात मेणबत्ती. भुताखेतांचे वेश केलेली मुलं दारोदार खाऊ मागत फिरत होती. अमेरिकेतला हॅलोविनचा सण!

“मामा, हा भोपळा मी कधीची पाहून राहिली,” ती म्हणाली. “या चॅनेलवर भोपळा, त्या चॅनेलवर भोपळा. आमच्याकडे तान्ह्या पोळ्याला आम्ही पण वेश करून, लाकडी बैल घेऊन घरोघरी जातो. आम्हाला पण बोजारा भेटते. मग भोपळ्याचं कार्टून होते, तर पोळ्याचं काहून नाही?”

विदर्भाबाहेरच्या वाचकांसाठी सांगतो. श्रावण अमावास्येला बैलांचा पोळा झाला की दुसऱ्या दिवशी मुलांचा तान्हा पोळा असतो. चाकं लावलेला लाकडी बैल सजवायचा, दोरीने ओढत शेजारीपाजारी न्यायचा आणि त्याबद्दल जो खाऊ किंवा पैसे मिळतात तो बोजारा.

मी उत्तर द्यायला तोंड उघडलं आणि तसंच मिटलं. प्रश्न खराच बिनतोड होता. त्याहून गंमत म्हणजे त्या भोपळेवाल्यांच्या देशातही सगळ्याच सणांच्या नशिबी कार्टून नाही. नाताळची कार्टून्स ढिगाने आहेत, हॅलोविनची पोत्याने आहेत. पण अमेरिकेचा स्वातंत्र्यदिन, ईस्टर, कामगार दिन? शोधत बसावं लागतं.

तेवढ्यात आजीने चाळणी परातीवर आपटली. खाली बारीक मैदा, वर चार गुठळ्या. म्हटलं, सापडलं! सणांनाही अशाच चाळण्यांमधून जावं लागतं. जो सण सगळ्या चाळण्या पार करतो, त्याचं कार्टून होतं. बाकीचे वर गुठळ्या होऊन राहतात.

आधी एक गणित

चाळण्या कशाला लागतात, ते आधी समजून घेऊ. कागद-पेन्सिल घ्या.

अमेरिकेत अर्ध्या तासाच्या कार्टूनमधून जाहिराती वजा केल्या की गोष्टीला साधारण २२ मिनिटं उरतात. पडद्यावर एका सेकंदात २४ चौकटी सरकतात. चित्रकार सहसा एकच चित्र दोन चौकटींना वापरतात, म्हणजे सेकंदाला १२ चित्रं झाली. आता करा गुणाकार: २२ मिनिटं गुणिले ६० सेकंद गुणिले १२ चित्रं.

उत्तर आलं? १५,८४०!

प्रत्यक्षात चित्रकार थोडी हुशारी करतात. पात्र नुसतं उभं राहून बोलत असेल तर धड तेच ठेवून फक्त ओठ बदलतात, मागचा डोंगर तर एकदा काढला की काढला. तरीही काम डोंगराएवढंच राहतं. आधी गोष्ट लिहायची, मग कलाकारांचे आवाज ध्वनिमुद्रित करायचे, मग कॉमिकसारख्या चौकटींत सगळी गोष्ट कच्ची काढून बघायची, मग पक्की चित्रं, रंग, संगीत. ‘द सिम्प्सन्स’ या प्रसिद्ध अमेरिकी मालिकेच्या एका भागाला सगळं मिळून आठ-दहा महिने सहज लागतात. त्यातली बरीचशी चित्रं तर दक्षिण कोरियातल्या स्टुडिओंमध्ये तयार होतात.

म्हणजे डिसेंबरमध्ये दिसणाऱ्या नाताळच्या बर्फाची गोष्ट लिहिणारा माणूस बहुतेक वेळा वसंतातल्या उन्हात बसून ती लिहीत असतो! एवढी मेहनत, एवढा पैसा. मग चॅनेलवाले विचारणारच, की हा सण त्याच्या लायकीचा आहे का?

पहिली चाळणी: सूर्य आणि कॅलेंडर

अमेरिकेचा स्वातंत्र्यदिन ४ जुलैला असतो. १७७६ साली त्या दिवशी त्यांनी स्वातंत्र्याचा जाहीरनामा स्वीकारला. आतषबाजी, मिरवणुका, अंगणात भाजलेले पदार्थ, सगळी धमाल. कार्टूनला आणखी काय हवं? पण इथे आडवा येतो चक्क सूर्य.

पृथ्वीचा अक्ष साडेतेवीस अंशांनी कललेला आहे, हे तुम्ही भूगोलात शिकलात. त्यामुळे विषुववृत्तापासून जितकं दूर जावं, तितका उन्हाळ्याच्या आणि हिवाळ्याच्या दिवसांतला फरक वाढत जातो. मुंबई १९ अंश उत्तरेला आहे. आपल्याकडे हिवाळ्यात सूर्य सहाच्या सुमाराला मावळतो आणि जुलैच्या सुरुवातीला सव्वासात-साडेसातला. फरक जेमतेम सव्वा तासाचा. न्यूयॉर्क आहे साधारण ४१ अंशांवर. तिथे डिसेंबरमध्ये दुपारचा चहा होतो न होतो तोच, साडेचारला अंधार पडतो. आणि जुलैमध्ये रात्रीचे साडेआठ वाजले तरी बाहेर उजेड!

आता सांगा, शाळेला सुट्टी आहे, रात्री आठला बाहेर लख्ख उजेड आहे, तर तुम्ही टीव्हीसमोर बसाल की अंगणात खेळाल? अमेरिकेतली मुलंही तेच करतात. म्हणून तिथल्या मोठ्या टीव्ही वाहिन्यांनी फार वर्षांपूर्वीच आपला हंगाम ठरवून टाकला. शाळा सुरू झाल्या की सप्टेंबरमध्ये नवे भाग सुरू करायचे, मे महिन्यात संपवायचे आणि उन्हाळ्यात बहुतेक जुनेच भाग पुन्हा दाखवायचे.

आता या हंगामावर सण ठेवून बघा. ३१ ऑक्टोबरचा हॅलोविन? बरोब्बर आत. २५ डिसेंबरचा नाताळ? मध्यावर, आणि वर लांबलचक अंधारी संध्याकाळ. ४ जुलै? दुकान बंद!

‘द सिम्प्सन्स’वाल्यांनी यातून एकदा पळवाट काढली. त्यांच्या सातव्या हंगामाच्या शेवटच्या भागात हे कुटुंब समुद्रकाठच्या एका घरी सुट्टीला जातं. बाबा, म्हणजे होमर, ४ जुलैसाठी चोरून एक राक्षसी फटाका विकत आणतो आणि पेटवल्यावर घाबरून तो भांडी धुण्याच्या यंत्रात टाकतो. पुढे काय झालं असेल ते सांगायला नकोच! पण हा भाग दाखवला कधी, तर १९ मे १९९६ रोजी. जुलैचा फटाका मे महिन्यातच फुटला, कारण त्यानंतर हंगामाला कुलूप लागणार होतं.

बरं, तारीख हंगामात असली तरी सगळं सुरळीत होतंच असं नाही. याच मालिकेत १९९० पासून दर वर्षी भुताच्या गोष्टींचा एक खास हॅलोविन भाग येतो. पण ऑक्टोबरमध्ये त्या वाहिनीवर बेसबॉलचे मोठे सामने असायचे. मग काय, २००० सालापासून पुढची कित्येक वर्षं भुतं नोव्हेंबरमध्ये उगवायची. आपल्याकडे क्रिकेटपायी आजीची मालिका पुढे ढकलली जाते ना, अगदी तसंच. बिचाऱ्या भुतांनाही सामना संपायची वाट बघावी लागली.

या चाळणीत ईस्टरही अडकतो, पण वेगळ्या कारणाने. तो एका तारखेला येतच नाही. २१ मार्चला किंवा त्यानंतर जी पहिली पौर्णिमा येते, तिच्या पुढचा रविवार म्हणजे ईस्टर. चर्च त्या पौर्णिमेचा हिशेबही ठरलेल्या कोष्टकांवरून करतं. आपली होळी जशी फाल्गुनी पौर्णिमेला बांधलेली, तसंच काहीसं. त्यामुळे २००८ साली ईस्टर २३ मार्चला आला आणि २०११ साली थेट २४ एप्रिलला. दहा महिने आधी कामाला लागणाऱ्या माणसाला असा सरकता पाहुणा जरा अवघडच जातो.

सझाए-सानच्या घरी मात्र बारा महिने सण

“सगळीकडेच उन्हाळ्यात कार्टून बंद असते का?” भाचीने विचारलं. नाही! जपानकडे बघा.

जपानमध्ये ‘सझाए-सान’ नावाची मालिका ५ ऑक्टोबर १९६९ रोजी सुरू झाली आणि अजून चालू आहे. जगातली सर्वांत जास्त काळ चाललेली कार्टून मालिका म्हणून गिनीज बुकात तिची नोंद आहे. दर रविवारी संध्याकाळी एका साध्यासुध्या एकत्र कुटुंबाच्या छोट्या छोट्या गोष्टी. तिथे टीव्हीचं वर्ष जानेवारी, एप्रिल, जुलै आणि ऑक्टोबर अशा चार तुकड्यांत वाटलेलं असतं आणि उन्हाळ्यातही नवे कार्यक्रम येत राहतात. बाहेर जो ऋतू, तोच या कुटुंबाच्या घरात. ३ फेब्रुवारीच्या आसपास भाजलेले सोयाबीन फेकून राक्षसाला पळवून लावायचा सण, ३ मार्चला बाहुल्यांचा सण, ५ मे रोजी उंच काठीला कापडी मासे फडकवायचे, ७ जुलैला रंगीत कागदांच्या पट्ट्यांवर इच्छा लिहून बांबूला टांगायच्या.

यातल्या तारखा बघा, जवळजवळ सगळ्या ठरलेल्या! कारण जपानने १८७३ साली आपलं जुनं चांद्र कॅलेंडर सोडून इंग्रजी कॅलेंडर स्वीकारलं आणि यांतले बरेच सण त्या तारखांना चिकटवून टाकले. चंद्राचा लपंडाव संपला आणि शंभर वर्षांनी कार्टूनवाल्यांचं काम सोपं झालं.

दुसरी चाळणी: गल्ला

कार्टून दाखवायला पैसे कोण देतं? बहुतेक वेळा जाहिरातवाले. आणि जाहिरातवाल्यांना कोणते सण आवडतात? ज्या सणांना लोक पिशव्या भरभरून खरेदी करतात ते!

लाल नाकाचं रेनडियर रुडॉल्फ तुम्ही पाहिलं असेल. सांताची घसरगाडी ओढणारं. ते कुठल्या पुराणातलं किंवा लोककथेतलं वाटतं ना? तसं नाही. ते जन्मलं एका दुकानात! १९३९ साली अमेरिकेतल्या माँटगोमेरी वॉर्ड या मोठ्या दुकानसाखळीला नाताळात गिऱ्हाइकांच्या मुलांना फुकट वाटायला एक पुस्तिका हवी होती. तिथे जाहिराती लिहिणाऱ्या रॉबर्ट मे यांनी रुडॉल्फची गोष्ट लिहिली. पहिल्याच वर्षी जवळजवळ २४ लाख प्रती वाटल्या गेल्या. दहा वर्षांनी त्यावर गाणं आलं. आणि ६ डिसेंबर १९६४ रोजी बाहुल्यांना कणाकणाने हलवून केलेला टीव्हीपट आला, तोही जपानमध्ये चित्रित झालेला. त्याचा प्रायोजक होता जनरल इलेक्ट्रिक, घरगुती विजेची उपकरणं विकणारा. तो कार्यक्रम तेव्हापासून दर वर्षी दाखवला जातो.

आलं का लक्षात? नाताळचं कार्टून एकदा करायचं आणि साठ साठ वर्षं दाखवायचं. शिवाय नाताळचा मोसम महिनाभर चालतो, त्यामुळे तीन-चारदा दाखवलं तरी कोणी ‘शिळं’ म्हणत नाही. ४ जुलैचं कार्टून ५ जुलैला कोण बघणार?

पुढच्याच वर्षी, ९ डिसेंबर १९६५ रोजी, ‘अ चार्ली ब्राउन ख्रिसमस’ आलं. चार्ल्स शुल्झ यांच्या ‘पीनट्स’ या चित्रमालिकेतली मुलं आणि त्यांचा स्नूपी कुत्रा. गोष्टीत गोल डोक्याचा चार्ली ब्राउन खट्टू झालेला असतो, कारण सगळ्यांना नाताळ म्हणजे फक्त खरेदी आणि झगमगाट वाटतो. आणि या गोष्टीला पैसे कोणी दिले? कोका-कोलाने! खरेदीला नावं ठेवणारं कार्टून खरेदीच्याच पैशांवर उभं राहिलं.

दुकानदारांचा जोर केवढा असतो, त्याचा आणखी एक किस्सा. अमेरिकेत नोव्हेंबरच्या एका गुरुवारी थँक्सगिव्हिंग म्हणजे कृतज्ञतेचा सण असतो. तो झाला की नाताळची खरेदी सुरू. १९३९ साली नोव्हेंबरमध्ये पाच गुरुवार आले आणि सण नेहमीप्रमाणे शेवटच्या गुरुवारी, अगदी ३० तारखेला येणार होता. दुकानदार म्हणाले, खरेदीला दिवस कमी पडतील! मग राष्ट्राध्यक्ष रूझवेल्ट यांनी सण चक्क एक आठवडा अलीकडे आणला. काही राज्यांनी ऐकलं, काहींनी नाही, आणि देशात एका वर्षी दोन थँक्सगिव्हिंग झाले! शेवटी १९४१ साली चौथा गुरुवार पक्का करणारा कायदा झाला. या गोंधळाची आठवण ‘हॉलिडे इन’ या १९४२ च्या चित्रपटात सापडते. त्यात कॅलेंडरवरचा एक कार्टून टर्की पक्षी या गुरुवारावरून त्या गुरुवारावर नुसत्या उड्या मारतो. त्यालाच कळत नाही, आपल्याला कधी कापणार ते.

हे सगळं आपल्यालाही नवं नाही बरं. मराठीत शेकड्यांनी दिवाळी अंक निघतात. १९०९ साली ‘मनोरंजन’ मासिकाने सुरुवात केली. पण गुढीपाडवा म्हणजे मराठी नवं वर्ष, तरी त्याचे शेकडो अंक का नाही निघत? कारण दिवाळीत शाळेला सुट्टी असते, घरात बोनस आलेला असतो, बाजार फुललेला असतो आणि जाहिराती मिळतात. अंकाचं पोट जाहिरातीवर, तसंच कार्टूनचंही.

तिसरी चाळणी: गोष्ट कुठे आहे?

समजा तारीखही जमली आणि पैसेही आले. पण सणात गोष्ट हवी ना!

हॅलोविन बघा. अंधार आहे, मुखवटे आहेत, ओळखू न येणारी माणसं आहेत, भीती आहे आणि शेवटी खाऊ आहे. लेखकाला काही करावंच लागत नाही, अर्धी गोष्ट आयती! २७ ऑक्टोबर १९६६ च्या चार्ली ब्राउनच्या हॅलोविन भागात मुलं दारोदार जातात. प्रत्येकाच्या पिशवीत गोळ्या आणि चॉकलेटं पडतात, चार्ली ब्राउनच्या पिशवीत मात्र दर घरी दगड! हसायलाही येतं आणि पोटात कालवतंही.

नाताळचंही तसंच. एक इच्छा आहे, एक ठरलेली रात्र आहे आणि ‘तोवर पोचेल का?’ अशी धाकधूक आहे. गोष्टीला पळवायला टिकटिकणारं घड्याळ लागतं. नाताळच्या हातात ते बांधलेलंच आहे.

आता थँक्सगिव्हिंग. माणसं जमतात, टर्की खातात, सुस्तावतात. अशा जेवणाची गोष्ट करायची कशी? तरीही १९७३ साली चार्ली ब्राउनवाल्यांनी ती केली. बोलावलं नसताना मैत्रीण मित्रांना घेऊन जेवायला येते आणि चार्ली ब्राउनला स्वयंपाक येतच नाही. मग स्नूपी कुत्रा मेजवानी रांधतो: टोस्ट, पॉपकॉर्न, खारी बिस्किटं आणि रंगीत जेलीच्या गोळ्या! सणाचं जेवण फसलं आणि गोष्ट जमली. या सणाला एक दुखरी बाजूही आहे. गोऱ्या वसाहतवाल्यांनी तिथल्या मूळ रहिवाशांची जमीन बळकावली, म्हणून त्यांच्यातले अनेक जण १९७० पासून याच दिवशी प्लिमथ गावात शोक पाळतात. असं सगळं २२ मिनिटांत नीट सांगायचं म्हणजे लेखकाची परीक्षाच.

ईस्टरची मूळ कथा येशूच्या मृत्यूची आणि पुन्हा जिवंत होण्याची. ती गंभीर आणि श्रद्धेची गोष्ट. वसई किंवा गोव्यातल्या तुमच्या मित्रांना विचारा, त्याआधीचा गुड फ्रायडे किती शांतपणे पाळतात. तिथे विनोद करायला कार्टूनवाले कचरतात. मग उरतात फक्त रंगीत अंडी आणि ससा.

पण अवघड सणाची वाटही कधीकधी सापडते. ‘रगरॅट्स’ ही रांगत्या बाळांची मालिका. १३ एप्रिल १९९५ च्या भागात तिने ज्यू लोकांचा पासओव्हर हा सण घेतला. त्याची कथा आहे मोझेस आपल्या लोकांना इजिप्तच्या गुलामीतून सोडवतो, ती. बाळांना ती सांगायची कशी? सोपी युक्ती केली. आजोबा माळ्यावर अडकतात, बाळंही अडकतात, आणि आजोबा गोष्ट सांगायला लागतात. बाळांच्या कल्पनेत त्यांचाच टॉमी मोझेस होतो आणि सगळ्यांवर दादागिरी करणारी अँजेलिका होते इजिप्तचा राजा! घरात गोष्ट सांगणारे आजोबा असले की कुठलाच सण अवघड नाही.

आणि माझा सगळ्यांत लाडका अपवाद सांगतो. अमेरिकेत आर्बर डे नावाचा झाडं लावण्याचा दिवस असतो. १८७२ साली नेब्रास्का राज्यात तो सुरू झाला. आपल्याकडे १९५० पासून जुलैत वनमहोत्सव असतो ना, त्याचा हा थोरला भाऊ. ना सुट्टीची धमाल, ना खरेदी, ना राक्षस. अशा दिवसाचं कोण कार्टून करेल? पण १९७६ च्या मार्चमध्ये चार्ली ब्राउनवाल्यांनी केलं! धाकटी सॅली वर्गात आर्बर डेचा भलताच अर्थ सांगून फजिती करून घेते. मग सगळी मुलं पेटून उठतात आणि झाडं लावतात. कुठे? तर चार्ली ब्राउनच्या बेसबॉलच्या मैदानावर! आता सामना आला आणि खेळपट्टीत बाग फुललेली. बघा, दिवसात गोष्ट नव्हती, तर लेखकांनी ती झाडासारखी लावली.

चौथी चाळणी: लांबच्यांना कळेल का?

एक कार्टून अनेक देशांत विकलं जातं. मग मालक विचारतात, “हा सण तिकडे माहीत आहे का?” नाताळ जगभर ठाऊक. थँक्सगिव्हिंग मुख्यतः अमेरिका आणि कॅनडात, तोही कॅनडात ऑक्टोबरमध्येच उरकलेला! सप्टेंबरचा पहिला सोमवार हा अमेरिकेचा कामगार दिन. पण आपल्यासारख्या कितीतरी देशांत तो १ मे रोजी असतो, आणि त्याच दिवशी आपला महाराष्ट्र दिन.

आपल्या देशात हीच अडचण एका देशाच्या आतच आहे. हैदराबादच्या स्टुडिओत तयार झालेला ‘छोटा भीम’ अनेक भाषा बोलणाऱ्या मुलांपर्यंत जातो. मग दिवाळी, होळी चालते, कारण ती पुष्कळांना ठाऊक. गणपतीबाप्पाचंही जमतं. २००७ साली ‘बाल गणेश’ आणि ‘माय फ्रेंड गणेशा’ असे चित्रपट आलेच होते. पण तान्हा पोळा म्हटलं की पुण्यातली मुलंच विचारतात, म्हणजे काय?

मी एवढं सांगून थांबलो, तर भाचीने डोळे बारीक केले.

“मामा, ही चाळणी फाटकी आहे.”

“का गं?”

“मला भोपळ्याचा सण कोणी शिकवला होता? कोणीच नाही. कार्टून पाहूनच समजला ना! त्या जपानी कार्टूनमधल्या नोबिताला नवीन वर्षाला मोठी माणसं पाकिटात पैसे देतात, ते पण असंच समजलं. तर मग अमेरिकेतल्या पोरांना पोळा नाही समजणार?”

मी गप्प. आजी स्वयंपाकघरातून म्हणाली, “बरोबर आहे तिचं.” झालं, निकाल लागला.

चला, बैल हलवू

मग आम्ही पोळा एकेका चाळणीतून घातला. तारीख? अमावास्येची, सरकती. पण दिवाळीही सरकतेच की. लक्ष्मीपूजन २०२२ ला २४ ऑक्टोबरला होतं आणि २०२३ ला, अधिक महिन्यामुळे, १२ नोव्हेंबरला. तरी तिची कार्टून्स होतात. गल्ला? इथे पोळा जरा कच्चा, लाकडी बैलांच्या जिवावर मोठी जाहिरात येणार नाही. गोष्ट? ती भरपूर! वेश आहेत, दारोदार फिरणं आहे, बोजारा आहे. आणि एखाद्या बैलाचं चाक नेमकं घरोघरी निघण्याआधी निखळलं तर? टिकटिकणारं घड्याळही सापडलं.

“मग आपणच करू,” ती म्हणाली आणि जुनी वही घेऊन आली. तुम्हीही घ्या. जाड वहीच्या उजव्या कोपऱ्यात, पानापानावर एकेक चित्र काढायचं आणि अंगठ्याने पानं फर्रकन सोडायची.

पहिला प्रयत्न फसला. तिने बैलाच्या चाकाला अधिकच्या चिन्हासारखे चार आरे काढले आणि प्रत्येक पानावर चाक पाव फेरी फिरवलं. पानं सोडली तर बैल पुढे सरकत होता, पण चाक ढिम्म! का बरं? चारही आरे सारखेच. पाव फेरी फिरवली की एकाची जागा दुसरा घेतो आणि चित्र पुन्हा होतं तसंच दिसतं. डोळ्यांना कळणार कसं की चाक फिरलं? सिनेमात कधीकधी गाडीची चाकं थांबलेली किंवा उलटी फिरताना दिसतात, ती याच कारणाने.

मग आम्ही दोन गोष्टी केल्या. एक आरा लाल रंगवला. आणि चाकाला घड्याळ मानलं. पहिल्या पानावर लाल आरा बाराच्या जागी, दुसऱ्या पानावर एकच्या, तिसऱ्यावर दोनच्या. बारा पानांत चाकाची एक पूर्ण फेरी. आणि बारा चित्रं म्हणजे किती वेळ? बरोबर, एक सेकंद!

शंकरपाळे तळून होईपर्यंत बारा चित्रं झाली. भाचीने वही उभी धरली, जीभ दातांत पकडली आणि पानं सोडली. लाल आरा गर्रकन फिरला, बैल झुलत वहीच्या कडेपर्यंत चालत गेला. एक सेकंदभर तान्हा पोळा आमच्या घरात येऊन गेला.

तिने एक शंकरपाळा तोंडात टाकला, बोटांवर हिशेब केला आणि पेन्सिलीला टोक काढायला बसली.

“मामा,” ती म्हणाली, “आता फक्त १५,८२८ राहिली.”